अस्तराखालच्या सात ओळी

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि तेही गोष्टीचं नाही. माझ्यात राजा नाही, परी नाही, हसू येईल असं काही नाही. भौतिकशास्त्राची नऊशे गणितं आणि शेवटी त्यांची उत्तरं, एवढंच माझ्या पोटात आहे. त्यामुळे तुम्ही माझं बोलणं ऐकत बसाल की नाही, याची मला शंकाच आहे. तरी सांगतो. मला एकदाच काहीतरी सांगायचं होतं आणि तेव्हा सांगता आलं नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठे मोठे कागद यंत्रातून गेले, त्यांच्या घड्या पडल्या. एका घडीच्या सोळा पानांना छापखान्यात फर्मा म्हणतात. असे पुष्कळ फर्मे एकावर एक ठेवून मला चिकटवलं आणि निळं कव्हर लावलं. कव्हरावर एक रॉकेट होतं. ते पाहून मीही स्वतःला हुशार समजत होतो. पुढे कळलं, माझी तीन उत्तरं चुकीची छापली गेली होती. इतकी वर्षं झाली, पण ती तीन उत्तरं आठवली की अजून मान खाली जाते.

माझा पहिला मालक निकेश. घणसोली गावातला, बायजाबाईंचा मुलगा. बायजाबाई मासळी विकायच्या. निकेशला इंजिनिअर व्हायचं होतं, तेही साध्यासुध्या कॉलेजातून नव्हे, देशातल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजातून. त्यासाठी दोन परीक्षा असतात. पहिली मेन. तिच्यात जे वर येतात, त्यांनाच दुसरी देता येते. ती अ‍ॅडव्हान्स्ड. निकेशच्या घरात याआधी बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. त्याला क्लास नव्हता. मी होतो.

निकेश मेनमध्ये वर आला. मग तो दुसऱ्या परीक्षेच्या हॉल तिकिटाची वाट बघत बसला. दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा मुदत संपली होती. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा मेन दिली, पण मन उडालेलं होतं, थोडक्यात राहिला. अ‍ॅडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, अशी दोनदाच देता येते. मग तो रबाळ्याच्या एका गोदामात कामाला लागला.

कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने माझा पुढचा पुठ्ठा उघडला आणि आतल्या बाजूला बॉलपेनाने सात ओळी लिहिल्या. पहिल्या तीन ओळींत माझ्या चुकलेल्या उत्तरांची दुरुस्ती होती. पुढच्या चार ओळी मला पाठ आहेत.

‘मेनचा निकाल लागला म्हणजे झालं असं समजू नको.
अ‍ॅडव्हान्स्डचा फॉर्म वेगळा भरायचा. आपोआप नाव जात नाही. मुदत थोडेच दिवस.
फॉर्मवर ईमेल स्वतःचा दे, सायबरवाल्याने बनवलेला नको.
मी हॉल तिकिटाची वाट बघत बसलो. तू नको बसू.’

हा ‘तू’ कोण, ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

एक दिवस रद्दीवाला दारात आला. बायजाबाईंनी बाकी सगळं दिलं, पण मला पिशवीत घातलं आणि गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत आणलं. तिथे जोतीराम काका नोंदवही सांभाळतात.

“माज्या पोराचा पुस्तक हाय,” बायजाबाई म्हणाल्या. “रद्दीवाला मागत व्हता, मी नाय दिला. कोनाचे तरी कामाला येल.”

“बरं केलंत ताई,” जोतीराम काका म्हणाले. “पण याचा तर पार भुगा झालाय की!”

“पोराचा बी झालाय,” बायजाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

खरंच, तेव्हा माझी पाठ उसवली होती. पहिला फर्मा सुटला होता आणि कव्हर वेगळं होऊन पिशवीच्या तळाशी पडलं होतं. दोन वर्षं मी त्या पिशवीतच राहिलो.

मग संघमित्रा आली.

ती गावातल्याच एका भाड्याच्या खोलीत राहायची. घरी आईवडील आणि आजोबा. वडील कंपनीत पॅकिंगला. मूळ गाव चिपळूणकडे. बारावीच्या वर्षी तिने मेन दिली होती, पण वर आली नव्हती. वडिलांनी तिला आणखी एक वर्ष दिलं होतं. एकच. म्हणजे तिची ही शेवटची संधी होती, घरच्या बोलण्याप्रमाणेही आणि परीक्षेच्या नियमाप्रमाणेही. घरचं बोलणं तिला माहीत होतं. नियम माहीत नव्हता.

जोतीराम काकांनी पिशवी तिच्या हातात दिली. “फाटलंय गं. चालेल?”

“चालेल काय, धावेल काका,” ती म्हणाली. “आमचे आजोबा बायंडर आहेत.”

सिताराम आजोबा रबाळ्याच्या छापखान्यात अठ्ठावीस वर्षं बायंडिंग खात्यात होते. मित्रांनो, माझ्या अंगाला पुष्कळ हात लागले, पण तसा हात पुन्हा लागला नाही. त्यांनी माझे फर्मे सुटे केले, आकडे बघून क्रमाने लावले आणि दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने टाके घातले. स्टोव्हवर कणकेची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचुदाची चिमूट टाकली. मग जुना पुठ्ठा उलटा करून ते आतल्या बाजूला अस्तर लावायला बसले. अस्तर म्हणजे पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कोरा कागद. पुठ्ठा आणि पानं तोच धरून ठेवतो.

खळ लावलेला कागद हातात घेऊन आजोबा थांबले.

“संघे, इथं आतून कुणीतरी गिरबटलंय बघ. राहू देऊ?”

संघमित्रा खाली मान घालून गणित सोडवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “काय असेल ते आजोबा. तुम्ही स्वच्छ करा.”

“वाचून तरी बघ.”

“तुम्हीच बघा ना. मी आता उठले तर माझी स्टेप जाईल.”

आजोबा हसले. “बायंडरने मजकूर वाचायचा नसतो गं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. वाचत बसला तर पुस्तकं कधी बांधणार? आपण फक्त आकडे बघायचे.”

आणि त्यांनी अस्तर लावलं. मधून कडेकडे हाडाची पट्टी फिरवली. एक बुडबुडा राहू दिला नाही. मग मला पाट्याखाली दाबून ठेवलं. सकाळी त्यांनी मला संघमित्राच्या हातात दिलं. तिने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि माझा वास घेतला.

“नवंकोरं!” ती म्हणाली.

त्या वेळी मला फार आनंद झाला, मित्रांनो. हे मी लपवत नाही. सात ओळी बंद झाल्याचं मला कळत होतं, तरीही आपण नवे दिसतो याचा आनंद झाला. माझी अक्कल तेवढीच.

वर्षभर ती माझ्याबरोबर बसली. सकाळी आठला अभ्यासिका उघडायची, तिथे खिडकीजवळची जागा तिची. माझ्यातलं प्रत्येक गणित ती तीनदा सोडवायची. जमलं की बाजूला पेन्सिलीने टिंब द्यायची. दोनशे चौदाव्या पानावरचं सातवं गणित मात्र तिला जमेना. तिचं उत्तर आणि माझं उत्तर जुळेना. चार दिवस ती त्या एका गणितापाशी बसली. खोडून खोडून वहीचं पान फाटलं. उत्तर तिचं बरोबर होतं. चूक माझी होती. दुरुस्ती अस्तराखाली पहिल्याच ओळीत होती.

चौथ्या दिवशी ती जोतीराम काकांना म्हणाली, “काका, मला नाही वाटत माझ्यात तेवढं डोकं आहे.”

“असं नाय बोलायचं,” काका म्हणाले. “तुझ्या कॉलेजात विचार ना कुणाला. असतात ना हल्ली, सल्ला देणारे?”

ती गेली. मीही तिच्या पिशवीत होतो. कॉलेजात ‘मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी असलेलं एक दार होतं. दाराला कुलूप होतं आणि जाळीतून आत कुस्तीच्या गाद्या दिसत होत्या.

“त्या मॅडम?” शिपाई म्हणाला. “त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. चावी स्पोर्टच्या सरांकडे असते. तुला गादी पाहिजे का?”

ती हसली. बाहेर आल्यावर मात्र हसली नाही.

तरीही तिने सोडलं नाही. एप्रिलमध्ये मेनचा निकाल लागला. गल्लीतल्या हरेशच्या सायबर कॅफेत तिने तो पाहिला. मेनचा फॉर्मही हरेशनेच भरून दिला होता. ईमेलही त्यानेच बनवला होता, पासवर्डही त्याच्याचकडे. पडद्यावर लिहिलं होतं की, ती अ‍ॅडव्हान्स्डसाठी पात्र आहे.

“पात्र!” हरेश ओरडला. “पेढे पाहिजेत आपल्याला!”

घरी आजोबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. आईने आधी आजोबांच्या आणि मग तिच्या तोंडात साखर घातली. वडील कंपनीतून आले ते सरळ बिल्डिंगखालच्या माणसांना सांगत सांगतच वर आले.

“आता पुढं काय?” आजोबांनी विचारलं.

“आता हॉल तिकीट येईल. मग परीक्षा.”

दहावीला हॉल तिकीट शाळेतून आलं होतं, बारावीला कॉलेजातून. नाव आपोआप पुढे गेलं होतं. तसंच हेही, असं तिला वाटलं. तुम्हाला तिचं हसू येत असेल तर येऊ देऊ नका. जिच्या घरात कुणी ही वाट चाललेलं नाही, तिला वळणं कुठून ठाऊक असणार?

त्याच संध्याकाळी तिने आपला मोबाइल आजोबांच्या हाती दिला. “ट्रंकेत टाका आणि कुलूप लावा. मी रडले तरी द्यायचा नाही. आता फक्त पुस्तकं.”

“शाबास,” आजोबा म्हणाले. किल्ली त्यांनी जानव्यासारखी दोऱ्यात घालून गळ्यात अडकवली आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले.

ती पुन्हा खिडकीजवळ येऊन बसली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी तिच्या पुढ्यात उघडा होतो. रोज ती मला उघडताना पहिलं बोट अस्तरावर पडायचं. त्या बोटाखाली, एका कागदाच्या अंतरावर, निकेश ओरडत होता. खळ सुकली की कडक होते. तो ओरडा बाहेर येत नव्हता. मला हात नाहीत, तोंड नाही. माझं एक पानसुद्धा मला उलटता येत नाही. एकदा पंख्याच्या वाऱ्याने पुढचा पुठ्ठा उघडला गेला. वाटलं, उजेडात अस्तराखालची शाई आता तिला दिसेल. तिने मला मिटलं आणि वर कंपासपेटी ठेवली.

मधे एकदा तिने कॉलेजच्या कारकुनाला विचारलंही होतं. “सर, अ‍ॅडव्हान्स्डचं हॉल तिकीट कधी येतं?”

“तू गेल्या वर्षीची ना? मग आमच्याकडे काय? येईल तुझं नेटवर.”

येईल म्हणाला तो. ती निर्धास्त झाली.

अशी मुदत गेली. त्या दिवशी ती माझ्यातलं आठशे बारावं गणित सोडवत होती. पेन्सिलीचं टिंब दिलं आणि स्वतःशीच हसली. मला वाटतं, ती शेवटची हसली ती तेव्हाच.

दोन दिवसांनी श्रुती अभ्यासिकेत आली. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. श्रुती मोठ्या क्लासला जायची. क्लासमधल्या सरावाच्या जादा प्रश्नपत्रिका ती संघमित्रासाठी घेऊन आली होती. मुलगी चांगली आहे. उगाच तिच्यावर राग धरू नका.

“हे घे. सर बोलले, एक्स्ट्रा आहेत. तू सेंटर कुठलं टाकलंस गं?”

“सेंटर ते देतात ना?”

“देतात, पण चॉइस आपण टाकायचा. माझा पहिला ठाणे. तुझा?”

“कुठे टाकायचा?”

“कुठे म्हणजे? फॉर्ममध्ये, मॅडम!” श्रुती हसली. “एवढा अभ्यास केलास की फॉर्मपण विसरलीस?”

“मेनच्या?”

श्रुतीचं हसू जागच्या जागी थांबलं. “संघे, अ‍ॅडव्हान्स्डचा वेगळा असतो. परवा संपली मुदत. आमच्या क्लासवाल्यांनी सगळ्यांना बसवून भरून घेतला. तू... तू भरलास ना?”

संघमित्राने मला मिटलं. अगदी हळू मिटलं. मग दोघी धावत हरेशच्या दुकानात गेल्या. तिने मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर आपटत होतं.

हरेशने साइट उघडली. ‘नोंदणी बंद झाली आहे.’ त्याने ईमेल उघडला. तिच्या नावाच्या त्या खात्यात सूचनांची पत्रं न वाचलेली पडली होती, एकाखाली एक.

“अरे, मी कोणाकोणाचे मेल बघत बसणार?” हरेश म्हणाला. त्याचा आवाज आधी चढला आणि मग बारीक झाला. “शप्पथ, मला वाटलं तुमच्या कॉलेजवाल्यांनी केला असेल. थांब, फोन लावतो.”

तासभर फोन लावले. शेवटी एक उचलला गेला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि नीट सांगितलं, मुदतीनंतर काही करता येत नाही.

“पुढल्या वर्षी दे ना गं,” हरेश म्हणाला.

“हे तिचं दुसरं वर्ष आहे,” श्रुती म्हणाली आणि रडायला लागली. “नाही देता येत.”

संघमित्रा रडली नाही. “असं असतं होय,” एवढंच म्हणाली.

नंतर पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं. मेनच्या गुणांवरही दुसरी कॉलेजं असतात, त्यांच्या याद्या असतात, त्यांचेही फॉर्म असतात. कुणी म्हणालं, आम्हाला विचारायचं ना. ते सगळं तिला सांगितलं गेलं नंतर, तिने बी.एस्सी.चा प्रवेश घेतल्यावर आणि सकाळचं कॉलेज सांभाळून दुपारी वडिलांच्याच कंपनीत स्टिकर चिकटवायला जाऊ लागल्यावर.

अभ्यासिकेचं पुस्तक परत करायला हवं होतं. पावसाळी दमटपणाने माझ्या अस्तराला कोपऱ्यात फुगा आला होता. सिताराम आजोबांना ते दिसलं. फुगा आलेलं काम परत द्यायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. दुपारी त्यांनी ओलं फडकं अस्तरावर ठेवलं, वाट पाहिली आणि कागद कोपऱ्यातून अलगद उचलला. खाली निळी अक्षरं दिसली.

या वेळी त्यांनी वाचलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित आता पाठीमागे कुठलेच साहेब नव्हते म्हणून.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा वाचलं. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. काढलेला ओला कागद परत होता तसा ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. तेवढ्यात दार वाजलं. संघमित्रा कामावरून आली होती.

“आजोबा, काय झालं?”

“काही नाही. फुगा आलेला.”

“मग हात का दाबून धरलाय?”

तिने त्यांचा हात उचलला. कागद हाताबरोबरच वर आला. तिने सातही ओळी उभ्यानेच वाचल्या. पहिल्या ओळीशी थांबली. “दोनशे चौदा,” ती पुटपुटली. “माझं उत्तर बरोबर होतं.” मग पुढे वाचलं.

खाली दुकानदार कुणाला तरी सुट्टे मागत होता.

“मी वाचायला हवं होतं गं,” आजोबा म्हणाले. “माझ्या हाताने बंद केलं मी.”

“तुम्ही विचारलं होतं, आजोबा.” ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. बोटांच्या टोकांना अजून स्टिकरचा गोंद होता, तो ती खरवडत राहिली. मग म्हणाली, “खळ मात्र पक्की होती तुमची.”

आजोबांना वाटलं, ती हसतेय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

तिने पेन घेतलं होतं. टोपण काढून सातव्या ओळीखाली टोक टेकवलं. मला वाटलं, आता आठवी ओळ येईल. टोक तिथे तसंच राहिलं आणि एक निळा ठिपका उमटला. मग तिने टोपण लावलं.

“कोण वाचणार?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला जोतीराम काकांच्या टेबलावर ठेवलं, नोंदवहीत सही केली आणि गेली. त्यानंतर ती अभ्यासिकेत आली नाही. आजोबाही येत नाहीत. काकांनी दोनदा निरोप पाठवला, पुस्तकं बांधायला या म्हणून. तब्येत बरी नाही, असं उत्तर आलं.

आता मी कपाटात आहे. अस्तर नसल्यामुळे माझा पुठ्ठा पुन्हा ढिला झाला आहे, पण ओळी उघड्या आहेत. खिडकीजवळ हल्ली दुसरी एक मुलगी बसते. तिलाही क्लास नाही, हे मला तिच्या बसण्यावरून कळतं. क्लास असलेली मुलं मधे मधे उठून एकमेकांना विचारतात. ही उठत नाही.

गेल्या आठवड्यात जोतीराम काका कार्यकर्त्यांना सांगत होते, “अभ्यासिकेला दहा वर्षं होतात. सगळ्या पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर घालायचं. आणि आत पहिल्या पुठ्ठ्यावर तारखांची चिठ्ठी चिकटवायची, मोठी. कसं शिस्तीत दिसेल!” काका मायेनेच म्हणत होते. माझ्याशी वाईट असं कुणी कधी वागलंच नाही. मला जे झाकलं, ते दरवेळी मायेनेच झाकलं.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी पुस्तकं शेवटी तुमच्याजवळ काहीतरी मागतात. आम्हाला फाडू नका, दुमडू नका, पावसात नेऊ नका, असं मागतात. मला तसलं काही मागायचं नाही. मला फाडलंत तरी चालेल. दुमडलंत तरी चालेल. फक्त चिकटवण्याआधी वाचा. आणि तुम्ही ज्या वळणावर चुकलात, ते पुढच्याला सांगा. पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवू नका, तोंडाने सांगा. त्याला दारात थांबवून सांगा. पुस्तकाला सांगता येत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझं म्हणणं कुणापर्यंत पोहोचेल, असं मला खरं तर वाटत नाही. रविवारी कव्हरं घालायला सुरुवात झाली आहे. खालच्या फळीवरची झाली. डिंकाची बाटली माझ्या शेजारच्या पुस्तकापाशी आली आहे, आणि खिडकीजवळची मुलगी अजून मान खाली घालून गणित सोडवते आहे.